कडी बाहेरून होती

(दवनीवाड्याचं शिवार, जुलै महिना. प्रफुल्ल आणि त्याची आई जमुनाबाई आपल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीसाठी (लावणीसाठी) धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधत आहेत. शेजारच्या रत्नपालची आई दुर्गा न बोलावता येऊन त्यांच्या ओळीला लागली आहे.)

प्रफुल्ल: काकू, तुम्ही कायले चिखलात उतरल्या? धुऱ्यावर बसा. काय सांगायचं ते तिथून सांगा.

दुर्गा: हात रिकामे ठेवून बोलता येत नाई मले, बाबू. म्हनून उतरली.

प्रफुल्ल: बोलायचं राहिलं काय आता?

दुर्गा: तुले नसन राहिलं, मले आहे. तेवीस दिवस झाले तुझ्या बाबाले, केशोरावभाऊले, जाऊन. तेवीस दिवसांत तू आमच्या दारावरून रोज मिलमध्ये गेला, रोज परत आला. एक डाव मान वळवून पाहिलं नाई.

प्रफुल्ल: रस्ता आहे तो. पाहत जायची काय गरज?

जमुनाबाई: पेंढी ढिली बांधू नको, दुर्गा. सुटते.

दुर्गा: बांधतो बाई. प्रफुल्ल, मी एवढंच सांगाले आली का रत्नपालचा त्यात दोष नाई. जे केलं ते मी केलं. पुरं ऐकून घे, मंग तुले जे म्हनाचं ते म्हन.

प्रफुल्ल: बोला. ऐकून राहिलो.

दुर्गा: त्या दिवशी त्याचा मोठा पेपर होता. घरीच, लॅपटॉपवर. दहा ते एक. त्याची ती परीक्षा कशी राहते ते तुले माहीतच असन.

प्रफुल्ल: मले काय माहीत? दोन साल झाले, तो नेमकं शिकून काय राहिला हेच मले कोणी सांगतलं नाही. पदवी आहे, ऑनलाइन आहे. बस, एवढी खबर.

दुर्गा: नकाश्याची पदवी आहे. कॉम्प्युटरवर नकाशे बनवाची. शिकवनारे पुन्याकडं बसतात, पोरं सारी आपापल्या गावी. परीक्षा पन तशीच. समोर कॅमेरा राहते, तो पाहत राहते पोरगा काय करते ते. पेपराच्या आधी खोलीच्या चारही भिंती त्याले दाखवा लागते, खाटेखालची जागा पन. मंग खोलीत कोनी यायचं नाई, पोरानं उठाचं नाई, नजर हलवाची नाई. मांगच्या खेपेस दारात कोंबडी आली. त्यानं दोनदा तिकडं पाहिलं. पेपर तिथंच बंद पडला. तो पेपर पुन्हा द्याले सहा मैने थांबा लागलं.

प्रफुल्ल: कोंबडीपायी?

दुर्गा: तुले हसू येते. मी त्या दिवशी रडली होती. म्हनून यंदा मी कोंबड्या सकाळीच टोपल्याखाली झाकल्या. साडेनवाले तो आत बसला. भिंती दाखवून झाल्या. दहाले पाच कमी असन, गल्लीतला धर्मेंद्र पळत आला. अंगनातूनच म्हने, केशोरावकाका गेले, रत्नपालले पाठवा, प्रफुल्ल एकटा आहे घरी.

प्रफुल्ल: मीच पाठवलं होतं त्याले.

दुर्गा: ते मले मंग समजलं.

प्रफुल्ल: पहिलं नाव त्याचंच आलं तोंडात. दोन साल बोलणं नव्हतं धड, तरी त्याचंच आलं.

दुर्गा: मी धर्मेंद्रले सांगतलं, रत्नपाल नाई घरी, पेपराले गोंदियाले गेला. विचार करून नाई बोलली, निघून गेलं तोंडातून. धर्मेंद्र गेला अन् मी खोलीच्या दाराशी उभी राहिली. आत तो कॅमेऱ्याले आपलं नाव सांगून राहिला होता. पाच मिनिटं होती हातात. दार ठोकलं असतं तं तो उठला असता. हे मले पक्कं माहीत होतं, बाबू. म्हनूनच नाई ठोकलं. घराच्या दाराले बाहेरून कडी लावली अन् तुमच्याकडं आली.

जमुनाबाई: सगळ्यांच्या आधी आली. माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दुर्गा: हो बाई. अन् तुमच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होती.

जमुनाबाई: मले कुठं दिसत होतं काही.

दुर्गा: बाराले मैत काढली. आमच्या दारावरूनच घाटाचा रस्ता. मी बायांच्या मांगं होती, जीव सारा त्या कडीत. सगळे पुढं गेले का मी परतली अन् कडी काढून चुलीजवळ बसली. एकाले तो बाहेर आला. पेपर चांगला गेला म्हने. कितीक मैन्यांनी त्याले असा मोकळा पाहिला. मी ताट वाढलं. भात अन् वांग्याची भाजी. पोटभर जेवला. हात धुतल्यावर सांगतलं.

प्रफुल्ल: जेवल्यावर सांगतलं.

दुर्गा: आधी सांगतलं असतं तं दिवसभर अन्नाले हात नसता लावला त्यानं. तवा मले तेवढंच समजलं. तो तसाच अनवानी घाटाकडं निघाला.

प्रफुल्ल: नाल्याजवळ भेटला. आम्ही परत येत होतो.

दुर्गा: तू काय म्हनला त्याले?

प्रफुल्ल: काही नाही. बाजूनं निघून आलो.

दुर्गा: तो तिथंच बसून राहिला दिवस बुडेपर्यंत. घरी आला तं मले एकच म्हनला, 'आई, तू मले जेवू घातलं.' त्याच्या बापाले मी फोनवर सांगतलं, तं देवीदास पन म्हनले, कडी लावाची नव्हती. जमुनाबाईच्या पाया मी पुन्यानुमोदनाच्या दिवशीच पडली. तुझी माफी मांगतो आज. पन एक खरं सांगतो, बाबू. परत तशीच वेळ आली तं कडी लावीन का नाई, हे मले अजूनही सांगता येत नाई.

प्रफुल्ल: कडी मले दिसली होती, काकू.

दुर्गा: कवा?

प्रफुल्ल: त्याच दिवशी. समोरून डावीकडचा खांदा माझा होता. तुमचं दार त्याच बाजूले पडते. दाराले बाहेरून कडी, अन् पायरीशी त्याच्या चपला. गोंदियाले पेपर द्यायले माणूस अनवाणी जात नाही. मले तवाच समजलं, हा आत आहे अन् आईनं कोंडून ठेवलं.

दुर्गा: अन् तू कोनाले बोलला नाई?

प्रफुल्ल: कोणाले सांगू? बाबा खांद्यावर होते. अन् तुमच्यावर माझा राग नाही. माझ्या आईनंही तेच केलं असतं.

जमुनाबाई: मी नसतं केलं.

प्रफुल्ल: बरं, नसतं केलं. काकू, मले एकच सांगा. शंभर माणूस तुमच्या दारावरून त्रिशरण म्हणत गेलं. त्याले ऐकू नाही आलं?

दुर्गा: कानाले त्याच्या ते लावलेलं होतं. हेडफोन.

प्रफुल्ल: काकू, सीधं सांगा.

दुर्गा: आलं होतं ऐकू. आठ दिवसांनी त्यानंच मले सांगतलं. म्हने, 'आई, आवाज आला होता. कोनाची तरी मैत चालली एवढं समजलं. काका बिमार आहेत हे मले माहीत होतं, मनात त्याहिचंच नाव आलं. मी मान नाई वळवली. पुढचा प्रश्न सोडवला.' हे तुले सांगाचं नव्हतं मले. मी आपल्या अंगावर घ्याले आली होती सारं. पन तू विचारलं.

प्रफुल्ल: पुढचा प्रश्न सोडवला.

दुर्गा: झोप नाई त्याले तवापासून.

प्रफुल्ल: सांगतलं ते बरं केलं. खोटं बोलल्या असत्या तं मी उठून गेलो असतो. पण माझं ऐकून घ्या आता. माझा राग त्या तीन घंट्यांचा नाही. दोन सालांचा आहे.

दुर्गा: सांग.

प्रफुल्ल: शाळेत आम्ही एका सायकलवर गेलो, दहावीपर्यंत. बारावीच्या बाद तो शिकत राहिला, मी फुलचूरच्या मिलमध्ये लागलो. तरी संध्याकाळी अर्धा घंटा बसस्टॉपवर आमचं बसणं ठरलेलं. पाणी असो, थंडी असो. मंग त्याचं हे ऑनलाइन आलं. रोजचं होतं ते रविवारवर आलं. मंग रविवारीही क्लास. मी घरी गेलो तं आतून बोट दाखवे, थांब. मी अंगणात थांबलो असेन पंधरा मिनिट, कधी अर्धा घंटा. आतून त्याचं बोलणं ऐकू ये, हसणं ऐकू ये. कोण सातारचं, कोण लातूरचं. मी निघून येई. गोंदियाच्या कॉलेजात असता तं सकाळच्या बसनं गेला असता अन् संध्याकाळी आला असता. गेलेला माणूस परत तं येते. हा घरातून गेलाच नव्हता, तं परत कुठून येईन?

जमुनाबाई: असं मले कधी नाई बोलला तू.

प्रफुल्ल: तुले काय बोलू? मंग दिवाळीच्या बाद बाबाचं सुरू झालं. गोंदियाच्या दवाखान्यात मी पाच दिवस बसून काढले. डॉक्टर म्हणे हृदय कमजोर झालं, काही सांगता येत नाही. मी त्याले मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला. फक्त अंगठा, काकू. बादमध्ये एक दिवस सेब घेऊन आला, दहा मिनिट बसला, घड्याळ पाहून उठला. त्या दिवशी मी घरात सांगून टाकलं, ह्या पोराचं नाव माझ्यासमोर कोणी काढायचं नाही.

जमुनाबाई: तिथंच बिघडलं.

प्रफुल्ल: काय बिघडलं?

जमुनाबाई: तुझे बाबा होळीपासून त्याच्या घरी जात होते. मंगळवारी अन् शुक्रवारी. तू मिलमध्ये गेला का.

प्रफुल्ल: बाबा? कायले?

जमुनाबाई: क्लासले.

प्रफुल्ल: कोणाच्या क्लासले?

जमुनाबाई: आतलं मले समजत नाई, ते दुर्गा सांगन. मी छत्री धरून नेऊन सोडत होती अन् क्लास सुटला का आनाले जात होती.

प्रफुल्ल: काकू, ही काय बोलून राहिली?

दुर्गा: खरं बोलून राहिली. होळी होऊन आठ दिवस झाले असन. भाऊ हळूहळू चालत आले. म्हने, 'दुर्गा, खाटेवर पडून कंटाळलो. पोरगं कुठं आहे?' मी म्हनली, क्लासमध्ये. तं म्हने, 'मी मांगं बसतो, आवाज नाई करत.' बसले खाटेवर. त्या दिवशी मॅडम तलाव दाखवून राहिल्या होत्या. आकाशातून काढलेला फोटो, आपल्याच भागातला. मॅडम म्हने, हे नैसर्गिक तलाव आहेत. भाऊ मांगूनच म्हनले, 'नाई बाई, हे बांधलेले आहेत. मानसाच्या हातचे.' रत्नपालचा माइक चालू होता. साऱ्या वर्गानं ऐकलं.

प्रफुल्ल: मंग?

दुर्गा: रत्नपालचं तोंड उतरलं. मॅडमनं विचारलं, कोन बोललं? ह्यानं सांगतलं, शेजारचे काका आहेत, तीस वर्स गावच्या तलावाचे पानकर होते, साऱ्या शेतांले पानी वाटाचं काम त्याहिचं. मॅडम म्हने, त्यांना समोर बसवा. भाऊनं टोपी काढली, केसाले हात लावला अन् बसले कॅमेऱ्यासमोर. मंग काय. तुडूम म्हंजे तलावाचं पानी सोडाची ती मोरी कशी उघडते, पानी पयले कोनत्या बांधीत घ्याचं, शेवटच्या बांधीवाला ओरडून राहिला तं त्याले काय सांगाचं. वीस मिनिटं बोलले. धाप लागे, थांबत, पुन्हा सांगत. कोनी मधात बोललं नाई. पुढच्या क्लासले पोरं विचारू लागली, बाबा आज नाई काय?

प्रफुल्ल: बाबा चौथी शिकले होते.

जमुनाबाई: चौथी पुरी नाई झाली.

दुर्गा: अन् तू म्हनतो ना, तो आत हसून-बोलून राहे. तुले तेवढंच ऐकू आलं. दीड वर्स त्यानं त्या वर्गात एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. साऱ्या काळ्या चौकटी अन् खाली नावं. मॅडमनं काही विचारलं तं उत्तर द्याचं, पोरांनी काही गमतीचं लिहिलं तं हसाचं, अन् बंद करून द्याचं. एक दिवस मले म्हने, 'आई, मी उद्या मेलो तरी ह्याहिले समजनार नाई. माझं नाव चौकटीत तसंच राहीन.'

प्रफुल्ल: मंग माझ्याकडं काऊन नाही आला? मी तं चार घरं सोडून होतो.

दुर्गा: विचारलं होतं मी. म्हने, तो दिवसभर पोते उचलून येते, मी सावलीत बसून राहतो. त्याच्यापुढं कोनत्या तोंडानं म्हनू का मले एकटं वाटते? लाज वाटे त्याले. मंग लाज वाढत गेली. तुझे बाबा दवाखान्यात होते तवा तो मेसेज लिहे अन् पुसे. लिहे अन् पुसे. शेवटी तो अंगठा गेला.

प्रफुल्ल: अंगठ्यापेक्षा काही नसतं पाठवलं तं चाललं असतं.

दुर्गा: ते त्याले सांग. मले कायले सांगतो?

प्रफुल्ल: बाबाचं सांगा पुढं.

दुर्गा: भाऊले त्या काळ्या चौकटी आवडत नव्हत्या. एक दिवस म्हनले, 'मी म्हातारा तोंड दाखवून बसलो, तुम्ही जवान पोरं काऊन लपून राहिले?' पयले एका पोरीनं कॅमेरा लावला. खुशबू नावाची, आमगावकडची. मंग एकेकानं लावला. भाऊ हरेकाले विचारे, तुमच्याकडं काय पेरतात, पानी कुठून येते. पोरं फोन उचलून खिडकीतून शेत दाखवत. कोनाची विहीर, कोनाचा नळ. कोकनातल्या एका पोरानं समुद्र दाखवला. भाऊनं समुद्र पाहिला नव्हता कधी. बराच वेळ पाहत राहिले. मंग म्हने, 'एवढं पानी, अन् वाटाले कोनी नाई.'

प्रफुल्ल: असं म्हणाले?

जमुनाबाई: घरी येऊन मले पन सांगतलं. दोन दिवस त्या समुद्राचंच बोलून राहिले होते.

प्रफुल्ल: मले नाही सांगतलं.

जमुनाबाई: तू म्हनला होता, नाव काढाचं नाई. अन् डॉक्टरनं चालाले मना केलं होतं. तुले समजलं असतं तं तूच कोंडून ठेवलं असतं त्याहिले.

प्रफुल्ल: मतलब अडीच महिने बाबा उन्हात चालत होते. आई, तेच लागलं असन त्याले.

जमुनाबाई: लागलं असन. नसन पन लागलं. डॉक्टरनं दवाखान्यातच सांगतलं होतं का होळी पाहतील का नाई. होळी पाहिली, चैत पाहिला, बैसाख पाहिला. मंगळवार आला का पहाटेपासून टोपी शोधत. तसं मी त्याहिले दहा वर्सांत पाहिलं नव्हतं. ते खाटेवर पडून गेले असते तं तुले बरं वाटलं असतं काय?

प्रफुल्ल: मी तसं नाही म्हणत.

जमुनाबाई: मंग काय म्हनतो?

प्रफुल्ल: मीही तिथं असायले पाहिजे होतो, एवढंच.

दुर्गा: तुले बोलवनारच होते. तलावाचा नकाशा काढून राहिले होते दोघं. तुडमापासून शेवटच्या बांधीपर्यंत. कोनत्या बांधीचं नाव काय, कोनाचं पानी कोनाच्या आधी. भाऊ सांगे, तो कॉम्प्युटरवर काढे. पुरा झाला म्हंजे प्रफुल्लले दाखवू, तवापर्यंत बोलाचं नाई, असं भाऊनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुझा राग जाईन म्हने, नकाशा पाहून.

प्रफुल्ल: कुठपर्यंत आला?

दुर्गा: मले काय समजते त्यातलं. खालचं आंग राहिलं म्हने. पेपर होऊन जाऊ द्या, मंग करू, असं ठरलं होतं त्याहिचं.

प्रफुल्ल: खालच्या आंगाले सतरा बांध्या आहेत.

दुर्गा: असन.

प्रफुल्ल: आता क्लास चालू आहे त्याचा?

दुर्गा: शेवटचे सहा मैने राहिले. आठ दिवस झाले चालू होऊन. तो बसत नाई. पयल्या दिवशी मॅडमनं भाऊचं नाव घेतलं अन् सारी पोरं आपापल्या घरात दोन मिनिटं उभी राहिली. कॅमेरे लावून. कोनाच्या मांगं चूल, कोनाच्या मांगं म्हैस. हे मले खुशबूनं फोनवर सांगतलं. फक्त रत्नपालच नव्हता त्यात. रोज फोन करते ती पोरगी, तो उचलत नाई म्हनून माझ्या फोनवर. काल म्हने, 'काकू, मी येऊ काय दवनीवाड्याले? पन मी त्याले कधी समोर भेटली नाई, येऊन काय बोलू?'

जमुनाबाई: येऊ दे तिले. काही बोलाचं नसलं तं माझ्याजवळ बसन.

प्रफुल्ल: अन् तो काय म्हणते?

दुर्गा: म्हनते, सोडलं शिक्षन. बापासंगं सेंट्रिंगच्या कामावर जातो. ज्याच्या खांद्याले मी गेलो नाई, त्याच्या तलावाचा नकाशा काढून पदवी घेऊ काय? लॅपटॉप कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. मी लई समजावलं. माझं ऐकत नाई तो आता, अन् कायले ऐकन? कडी मीच लावली होती.

प्रफुल्ल: तुम्ही त्याले विचारून आल्या इथं?

दुर्गा: नाई. त्याच्याकडून माफी मांगाले पन नाई आली. त्याची माफी त्यानंच मांगावी. मी एवढंच म्हनतो, तुले भांडाचं आहे तं त्याच्या तोंडावर भांड. दारावरून मान खाली घालून जाऊ नको. तो खिडकीतून पाहत राहते, तू जातो तवा.

प्रफुल्ल: खिडकीतून?

दुर्गा: रोज. सकाळी अन् सांजेले.

प्रफुल्ल: माझ्या लक्षात नाही आलं.

जमुनाबाई: मान खाली घालून गेल्यावर कसं येईन?

प्रफुल्ल: आई, तू पेंढ्या बांध.

जमुनाबाई: बांधूनच राहिली.

प्रफुल्ल: काकू, त्या सतरा बांध्यांची नावं मले येतात. शाळेत होतो तवा बाबाच्या मांगं फिरलो मी पाण्याच्या पाळीले. कोणाचं पाणी कोणाच्या आधी तेही माहीत आहे.

दुर्गा: मी त्या नकाश्यासाठी नाई आली, बाबू.

प्रफुल्ल: मी तुमच्यासाठी नाही सांगून राहिलो. बस, येतात म्हटलं.

दुर्गा: बरं.

प्रफुल्ल: मी त्याले फोन नाही करणार.

दुर्गा: नको करू.

प्रफुल्ल: घरी येऊन बसायलेही टाइम नाही. मिलमधून दोन दिवसांची सुट्टी भेटली रोवण्यासाठी, त्यात ही बांधी अन् पलीकडची, दोन्ही उरकायच्या आहेत.

दुर्गा: हो. दिसून राहिलं.

प्रफुल्ल: त्याले सांगा, उद्या सकाळी सहाले इथं ये. रोवण्याले.

दुर्गा: दोन वर्स त्यानं चिखलात पाय नाई घातला. तुझ्या ओळीले पुरनार नाई तो.

प्रफुल्ल: नाही पुरला तं मांगं राहीन. मले काय करायचं? अन् घरून काही शिकवून पाठवू नका त्याले, हे बोल अन् ते बोल. जे बोलायचं ते मी बोलतो. लई बोलायचं आहे मले.

दुर्गा: तो ऐकून घेईन.

प्रफुल्ल: त्याचा तो क्लास किती वाजता राहते?

दुर्गा: दहाले.

प्रफुल्ल: दहाले सोडून देतो त्याले.

जमुनाबाई: साडेनवाले सोड. पाय धुवाले वेळ लागते.